चार माणसांचं घर आणि टेम्पोभर गहू

माझा अंदाज चुकला की लोक मला कारण विचारतात. त्याचा चुकला की लोक त्याला चहा विचारतात. आमच्या दोघांत फरक म्हणाल तर एवढाच, पण तो मला आजतागायत पचलेला नाही.

तो म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा आणि नेरुळला माझ्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहणारा माझा सहकारी. दोन्ही ठिकाणी त्याला मीच आणून बसवला. ऑफिसात जागा निघाली तेव्हा "मुलगा हुशार आहे" असं मॅडमना मीच सांगितलं. वरचा फ्लॅट रिकामा झाला तेव्हा किल्ली घेऊन त्याला दाखवायला मीच गेलो, आणि खिडकी उघडून "हवा काय छान येते बघ" असंही मीच म्हणालो. हवा खरंच छान येते. त्याच्याकडे. तो मला 'दादा' म्हणतो. चारचौघांत कोणी आपल्याला दादा म्हणालं की आपल्याला त्याच्यावर चिडता येत नाही, ही त्या शब्दाची मोठी गैरसोय आहे.

आमचं काम गव्हाचं. सीबीडी बेलापूरला एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर बसून आम्ही साऱ्या जगाच्या गव्हाचं भविष्य सांगतो. कुठल्या देशात किती पिकेल, कोण किती खाईल, कोणाला कमी पडेल, कुठल्या बंदरातून निघालेलं जहाज कुठे लागेल. ते ऐकून पिठाच्या गिरण्या, बिस्किटवाले आणि व्यापारी माल उचलतात किंवा थांबतात. आमच्यापैकी एकानेही गव्हाच्या शेतात विळा धरलेला नाही. मी तर बराच काळ गहू पाहिला तो उपग्रहाच्या फोटोत, म्हणजे हिरवा ठिपका पाहिला आणि त्याला गहू मानलं.

गणित तसं शाळेतलं. मागची शिल्लक, यंदाचं पीक आणि बाहेरून आलेला माल एका बाजूला. खाल्लेलं, पेरलेलं, जनावरांना घातलेलं आणि बाहेर पाठवलेलं दुसऱ्या बाजूला. उरली ती वर्षअखेरची शिल्लक. शिल्लक भरपूर तर भाव पडणार, तुटपुंजी तर चढणार. फक्त यातला एकही आकडा कोणालाच नक्की ठाऊक नसतो. त्यामुळे आमच्या धंद्यात चुकणं हे पोहणाऱ्याने भिजण्यासारखं आहे. प्रश्न असतो तो बाहेर आल्यावर तुम्ही कसे दिसता याचा. मी ओल्या मांजरासारखा दिसतो. तो दिसतो जाहिरातीतल्यासारखा.

एकदा ऑस्ट्रेलियाच्या पिकाबाबत तो सपशेल आपटला. मॅडमपुढे उभा राहून म्हणाला, "मॅडम, मी पीक बरोबर धरलं होतं, पावसाने माझा रिपोर्ट वाचला नाही." मॅडम हसल्या, सगळे हसले, विषय संपला. त्याच्या थोडं आधी मी चुकलो होतो तेव्हा मी सविस्तर लेखी खुलासा दिला होता. मॅडमनी तो मन लावून वाचला आणि त्यात आणखी एक चूक काढून दिली.

आणि ते जहाजांचं प्रकरण. काळ्या समुद्रातून निघालेला गहू मी घेणाऱ्या देशाच्या खात्यात मिळवला, पण विकणाऱ्याच्या खात्यातून वजा करायचा विसरलो. माझ्या कागदावर जग एकदम सुखी झालं. सगळे पोटभर जेवून वर गहू उरला. ते त्याच्या लक्षात आलं. मीटिंगमध्ये बोलला असता तर बरं झालं असतं, मला त्याचा राग राग करता आला असता. पण तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "दादा, ही जहाजं दोन्ही बंदरांत एकदमच उभी आहेत का बगा ना जरा." कोणाला बोलला नाही. आता उद्या कोणाला कळलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, किती मोठ्या मनाचा, कोणाला बोलला नाही! तेव्हा त्याला ते श्रेय मिळू नये म्हणून मीच ऑफिसभर सांगत सुटलो की मी काय घोळ घातला. त्यावर लोक म्हणाले, "नशीब, त्याचं लक्ष असतं."

तर अशा परिस्थितीत मार्चच्या सुरुवातीला मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे गव्हाच्या विभागाच्या प्रमुख. त्यांच्या खिडकीतून दिवाळे कोळीवाड्याच्या होड्या दिसतात, आणि त्या आपल्याशी बोलत असताना होड्यांकडे बघत असल्या की समजायचं, काहीतरी मोठं आहे.

"एप्रिलपासून मी तेलबियांकडे जातेय," त्या होड्यांकडे बघत म्हणाल्या. "गव्हाचं टेबल, म्हणजे हा सगळा विभाग, तुमच्यापैकी एकाकडे देणार. येत्या हंगामाचा अंदाज दोघांनी वेगवेगळा करा, एकमेकांशी न बोलता. ज्याचा मला पटेल, तो वाशीच्या हॉलमध्ये ग्राहकांपुढे मांडेल, आणि टेबल त्याचं."

"पण मॅडम, बरोबर कोणाचा ते तर वर्ष संपल्यावर..." मी म्हणालो.

"आकडा खरा ठरतो का ते वर्षाने बघू. मला तुम्ही विचार कसा करता ते बघायचंय."

मला ते टेबल हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, दातांत अडकलेल्या तंतूकडे जावी तशी दिवसभर जीभ तिथेच जात होती. मी त्याच्यापेक्षा वयाने मोठा, नोकरीत जुना. शिवाय दुष्ट माणसाच्या हाताखाली काम करता येतं, घरी येऊन बायकोला सांगता येतं. चांगल्या माणसाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे सांगायलाही काही नाही.

मी जीव तोडून कामाला लागलो. हवामान पाहिलं, ठिपके पाहिले, कोण कोणाकडून किती घेतोय ते पाहिलं. उत्तर दोन आठवड्यांत आलं आणि मला स्वतःलाच पटलं: पीक चांगलं, शिल्लक आरामशीर, भाव नरम. इतका सरळ अंदाज माझ्या हातून क्वचितच झाला असेल. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

शनिवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

"अहो, वरचे गहू भरतायत."

"मार्चमध्ये?"

"खाली टेम्पो उभाय. या की बघायला, मी काय खोटं बोलतेय?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या सोसायटीत अजून वर्षाचा गहू भरतात. एप्रिल-मेमध्ये नवा गहू भरभरून उतरला आणि भाव खाली आला की बायका मिळून तुर्भ्याच्या मार्केटमधून गोणी मागवतात, गच्चीवर ऊन देतात, एरंडेल चोळतात, कोठ्या भरतात. त्याआधी दरवर्षी एक प्रश्न लिफ्टमध्ये विचारला जातो: "भाऊ, यंदा गहू कधी घ्यायचा?" तो प्रश्न माझ्या खांद्यावरून त्याला विचारला जातो. मी मध्ये उभा असतो. माझाही धंदा तोच आहे हे सगळ्यांना माहीत आहे. एकदा तर ज्या बाईंनी त्याला विचारलं त्या माझ्या सौभाग्यवती होत्या.

"तुम्हाला विचारलं असतं," ती नंतर म्हणाली, "पण तुम्ही अर्जेंटिनापासून सुरू करता."

तर मी बाल्कनीत गेलो. खाली टेम्पोतून हमाल गोणी उतरवत होते आणि तो पार्किंगमधल्या आपल्या जागेत त्या रचून घेत होता. एक, दोन, चार... थांबेचनात. मी मोजायचं सोडून दिलं. त्याच्या घरात माणसं चार. चार माणसांचं घर एवढा गहू घेतं तेव्हा एकतर घरात हत्ती असतो, नाहीतर अंदाज असतो.

आणि नवा गहू अजून बाजारात नीट उतरलासुद्धा नव्हता! भाव पडणार असं ज्याला वाटतं तो मार्चमध्ये चढ्या भावाने टेम्पोभर गहू कशाला घेईल? ह्याला काहीतरी कळलंय. ऑफिसात येता-जाता "यंदा गहू लई आहे, दादा" म्हणतो आणि घरी गुपचूप साठा करतो!

लिफ्टमध्ये मी त्याला गाठलं. शर्टावर गव्हाचा भुसा, कपाळावर घाम.

"गहू भरला वाटतं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. माझं सहज फार ठळक असतं.

"हो ना दादा. लागणारच आहे."

"आत्ताच? थोडं थांबला असतास तर स्वस्त नसता मिळाला?"

"थांबून चालत नाही ना," तो म्हणाला आणि हसला. लिफ्ट थांबली, मी उतरलो.

थांबून चालत नाही! आता याहून स्पष्ट काय पाहिजे? मी घरात शिरलो तो सरळ कॉम्प्युटरवर बसलो आणि माझा सरळ, साधा, शहाणा अंदाज मोडायला घेतला.

अंदाज मोडणं अवघड नसतं हे त्या दिवशी मला कळलं. आधी उत्तर ठरवावं, मग कारणं आपसूक रांग लावतात. पंजाब-हरियाणात मार्च तापणार असं धरलं, दाणा बारीक केला. काळ्या समुद्राकाठी थंडीने पीक जाळलं. पूर्वेकडच्या एका मोठ्या देशाला एवढी भूक लावली की त्याने ऑस्ट्रेलियाचं गोदाम झाडून नेलं. बघता बघता जगाची शिल्लक आटली आणि भाव आभाळाला टेकले. इतकं सुसंगत मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. वाचताना मलाच भीती वाटली, आणि त्या भीतीतच बायकोला हाक मारली.

"आपला गहू मागव. आजच."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात मेमध्ये..."

"ते जुनं झालं. मागव."

बायकोने गहू मागवला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सोमवारी बिल्डिंगखाली तीन टेम्पो उभे होते. उभ्या आयुष्यात लोकांनी माझा सल्ला ऐकला तो हा एकदाच, म्हणून मी गॅलरीत उभा राहून कौतुकाने बघत होतो. मग जिन्यात कोणीतरी म्हणताना ऐकलं, "वरच्या भाऊंनी भरला म्हणजे विषय संपला. आणि खालचे पण भरतायत." मी 'पण'मध्ये होतो.

मांडणीच्या दिवशी केबिनमध्ये आम्ही तिघंच. त्याने आधी मांडलं. पीक चांगलं, शिल्लक आरामशीर, भाव नरम. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, काय नट आहे! चेहऱ्यावर रेघसुद्धा हलत नाही. ओळीओळीने तो माझाच जुना अंदाज सांगत होता, फक्त माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

मग मी. ऊन, थंडी, भूक, सगळं मांडलं. मॅडम होड्यांकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या, त्याने मला आणखी जोर चढला.

"मार्च एवढा तापणार हे कशावरून?" त्यांनी विचारलं. "हवामानवाले तर तसं म्हणत नाहीत."

इथे शहाण्या माणसाने दोन घोट पाणी प्यायलं असतं. मी म्हणालो, "मॅडम, कागदावर काय लिहिलंय ते सोडा. भाव पडणार असं ज्याला मनापासून वाटतं, तो माणूस मार्चमध्ये स्वतःच्या घरी टेम्पोभर गहू उतरवून घेतो का? हे मी नाही, ह्याच्या पार्किंगमधल्या गोण्या सांगतायत!"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे. आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर मला काहीतरी हललेलं दिसलं. ते हसू होतं, आणि तो ते दाबायची शिकस्त करत होता.

"दादा," तो म्हणाला, "तो चौदा एप्रिलचा गहू आहे."

"म्हणजे?"

"जयंतीच्या जेवणाचा. शिरवण्याच्या आमच्या विहारात असतं ना दरवर्षी. यंदा पुऱ्यांचा गहू माज्याकडे लागलाय. बाया चार रविवार बसून निवडतात, धुतात, वाळवतात, मग गिरणीत. त्याला थांबून कसं चालेल? भाव बगून लोकांना जेवायला बोलवतात का दादा?" मग अगदी मऊ आवाजात, "तुमी आला होता की मागच्या वर्षी. वहिनी पण होत्या. पुऱ्या आवडल्या म्हणालात."

आवडल्या होत्या. चार-पाच वेळा मागून घेतल्या होत्या. एवढं जेवण मी डोळ्यांनी पाहिलं, तोंडाने खाल्लं, आणि त्यासाठी कोणाला तरी गहू विकत घ्यावा लागतो हे जगाच्या मागणीचा अंदाज करणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे: कोणी माल उचलला की आधी विचारा, साठवायला की खायला? हा धडा नव्या पोरांना ऑफिसात मीच शिकवतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "टेम्पो बघायच्या आधी तुमचा अंदाज काय होता?"

"नरम," मी म्हणालो.

"म्हणजे ह्याच्याइतकाच."

"जवळपास."

"मग बदललात का?"

"मला वाटलं, त्याला काहीतरी कळलंय."

त्या रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही गव्हाचा अंदाज केलाच नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही ह्याचा अंदाज केलात. आणि तोसुद्धा चुकला." मग त्यांनी होड्यांकडे पाहिलं, आणि टेबल त्याचं झालं.

घरी सांगितलं तेव्हा बायको कोठीत गहू ओतत होती. तिने ऐकून घेतलं, एरंडेलाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "म्हणजे तुमचा पहिला बरोबर होता?"

"हो."

"आणि तो तुमच्या एकट्याचा होता?"

"हो."

"मग ह्या गोण्या त्यांच्या नावाने ठेवू की तुमच्या?"

पुढे ग्रुपवर भाव उतरल्याचे मेसेज यायला लागले तेव्हा तिने फोन म्यूट केला, पण फक्त स्वतःचा.

खरा घाव बसला तो वाशीच्या हॉलमध्ये. त्याने ग्राहकांपुढे अंदाज मांडला, उत्तम मांडला, आणि शेवटी एक नवा भाग जोडला: घराघरांत, मठा-विहारांत, लंगरांत, लग्नकार्यांत लोक जो गहू आगाऊ घेऊन ठेवतात, तो आपण खपात धरतो की साठ्यात? आपल्याकडे ह्याचा नीट विचारच झालेला नाही, म्हणाला. लोक पुढे सरकून ऐकायला लागले. एका गिरणीवाल्याने तर वही काढली. आणि मग तो माझ्याकडे हात करून म्हणाला, "ही कल्पना आमच्या दादांमुळे सुचली." टाळ्या! सगळा हॉल माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होता. माझ्या हातात जो मूर्खपणा होता तो त्याच्या हातात जाऊन कल्पना झाला होता. आता माझ्या गाढवपणाचाही मला हेवा वाटायला लागला, की हा माझ्याकडे असताना असा का दिसत नव्हता?

नोकरी सोडायची असं मी ठरवलं. ऐरोलीतल्या एका डाळींच्या कंपनीशी बोलणंही झालं. डाळींमधलं मला काही कळत नाही, पण तिथे तो नव्हता. चौदा एप्रिलला शिरवण्याला जायचं, शुभेच्छा द्यायच्या आणि त्याला तोंडावर सांगून टाकायचं, असा बेत होता.

विहारापुढे मांडव, निळ्या पताका, आणि पंगतीमागून पंगती. कढईतून पुऱ्या नुसत्या उसळत होत्या. बायकोला आणि मला एका म्हाताऱ्या बाईंनी हाताला धरून बसवलं. त्या त्याच्या आई, परभणीकडच्या.

"तूच का रं त्याचा दादा?" त्यांनी मला वरखाली पाहिलं. "लई सांगतंय तुजं. म्हनतंय, काम दादानंच शिकवलं."

"नाही हो, त्याला आधीच येत होतं," मी म्हणालो.

"आसं कसं? लेकराला शिकविल्याबिगर येतंय व्हय?" त्या म्हणाल्या आणि पानात तीन पुऱ्या घातल्या.

आईसुद्धा ह्याची अशी! माझी आई मला अजून विचारते, तू नक्की काय करतोस रे. मी रागाने पुरी खायला लागलो. खुसखुशीत होती, त्यामुळे राग टिकवायला त्रास पडत होता. बायको शेजारून हळूच म्हणाली, "सांगणार होतात ना? आलेत बघा."

तो भाजीची बादली घेऊन पंगतीतून येत होता. माझ्यासमोर वाकला, भाजी वाढली आणि बाजूच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दादा, उद्यापासून कामं वाटायची आहेत. काळा समुद्र तुमच्याकडेच राहू दे ना? मला त्यातलं तुमच्याएवढं नाही कळत. तुमी नाही म्हणालात तर मी अडकेन."

खोटं बोलत नव्हता. तेच तर. ते डोळे मला ओळखू येतात, जहाजांच्या वेळीही तसेच होते. मी डाळींचं सांगायला मान वर केली. तोंडात अख्खी पुरी होती. मी हाताने 'थांब' अशी खूण केली. त्याला ती 'हो' वाटली.

"थँक यू, दादा!" तो म्हणाला, खरंच सुटल्यासारखा, आणि घास गिळून मी तोंड उघडेपर्यंत तो समोरच्या पंगतीला भाजी वाढत होता, आणि त्या पंगतीतली सगळी माणसं त्याच्याकडे बघून हसत होती.